दुपारी एकला येणारा कडुबा

कुणी घरात आलं की आधी घरच्या माणसांकडं बघतं. कडुबा साळवे आला की आधी वर बघायचा, पत्र्याकडं. मग हात वर करून तळवा पत्र्याला टेकवायचा. माणूस उंच, दाराजवळ पत्रा उतरता, त्यामुळं हात पोचायचा. चटका बसला तरी हात लगेच काढायचा नाही. तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजायचा आणि मग खाली बसून म्हणायचा, "तापलंय." जसं काय आम्हाला माहीतच नव्हतं.

यायचा तो बी दुपारी एकला. लोकं त्या वेळेला दारं लोटून पडलेली असायची. मी एकदा म्हणालो, "अरे, सकाळी येत जा की. चहाच्या वेळेला." तर म्हणाला, "सकाळी सगळीच घरं चांगली असतात, भाऊ. घर कसं हाय ते दुपारी कळतं."

मी लिहिणारा माणूस नाही. चौथी शिकलो आणि चिकलठाण्याच्या एका कंपनीत लोखंड वितळवायच्या भट्टीवर हाडं शेकली. गेल्या होळीला कडुबाच्या लेकीचा परभणीहून फोन आला की बाबा गेले. त्यानंतर बरेच दिवस मी वाट बघितली की कुणी त्याच्यावर चार ओळी लिहील. गल्लीत शिकलेली पोरं आहेत, मोबाईलवर काय काय लिहीत असतात. कुणी लिहिलं नाही. म्हणून मी बसलो.

तो मुकुंदवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाला राहायचा. लाईट ऑफिसात हेल्पर म्हणून लागला आणि वायरमन होऊन निवृत्त झाला. सगळ्यांना अहो-जाहो करायचा. मला, माझ्या बायकोला, भाजीवाल्याला, नाक गळणाऱ्या पोरांना सुद्धा. "अहो गणेश, नाक पुसा." पोरं हसायची. मी विचारलं, हे काय सोंग आहे. तर खांबाकडं बघत म्हणाला, "मला निम्मी नोकरी 'ए' म्हणून हाक मारली, भाऊ. खांबावर चढलेलो असायचो अन् खालून 'ए'. तवाच ठरवलं, आपण कुणाला 'ए' म्हणायचं नाय."

खरं सांगतो, लपवून काय करू. तो गल्लीत राहायला आला तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं मी त्याच्या घरचा चहा टाळला. कधी पोट बिघडलंय म्हणायचो, कधी आत्ताच झाला म्हणायचो. दारातून समोरच बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो दिसायचा. त्याला सगळं कळत होतं. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "रंगनाथभाऊ, तुमचं पोट फक्त माझ्याच दारात बिघडतंय. जागा बदलून बघू का?" लोकं हसली. मी तोंड पाडून उभा. माझी बायको यमुना पुढं झाली, त्याच्या ओट्यावर बसली, कप घेतला, संपवला आणि म्हणाली, "साखर कमी हाय, भाऊजी. बाकी बरा झालाय." त्या दिवसापासून मी बी प्यायला लागलो. साखर कमीच असायची.

आता मुख्य गोष्ट सांगतो, म्हणजे कडुबा काय माणूस होता ते कळेल.

आमची गल्ली सगळी पत्र्याची. सरकारची एक योजना आली. पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड पाहिजे, विजेचा वापर थोडा पाहिजे, मीटर स्वतःच्या नावावर पाहिजे. एवढं असलं तर पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग आणि निम्म्याहून कमी वीज खाणारा एक पंखा. पैसे आधी आपण भरायचे. रंग लागला, पंखा फिरला, की त्याचा फोटो काढून नेणार आणि बरीचशी रक्कम आपल्या खात्यावर परत येणार. असल्या योजनेचा कागद गल्लीत येतो आणि वड्याखाली जातो. कडुबानं तो खिशात घातला. निवृत्त माणूस, कुणी नेमला नाही, कुणी पगार दिला नाही, पण दुसऱ्या दिवशीपासून दुपारी एकला दारोदार. हात पत्र्याला, मग हात पंख्याच्या बुडाला. पंखा बंद करायला लावायचा, स्टुलावर चढायचा आणि मोटर चाचपायचा. "बघा, किती गरम हाय. वारा देतोय थोडा अन् बाकीची वीज तापण्यात घालतोय. त्याचं बिल तुम्ही भरताय."

मी त्याला हसायचो. म्हणायचो, "मी जिंदगी भट्टीवर काढली. मला तू काय ऊन शिकवतो?"

त्याच हिवाळ्यात यमुनाचं हृदय खराब झालं. थोडं चाललं की धाप लागायची, पाय सुजायचे. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, औषध चालू राहील, पण या बाईला उन्हाळा सोसणार नाही, थंड जागेत ठेवा. माझा थोरला पोरगा वाळूजला राहतो. स्लॅबचं घर, कूलर आहे. तो येऊन घेऊन गेला. चार दिवसांत ती परत. तिथं तिनं अन्न सोडलं होतं. म्हणाली, "तिथं भिंतीकडं तोंड करून पडायचं. इथं दारातून गल्ली दिसती. मला माझ्या दारात ठेवा." मी आपला तोंडाचा फटकळ, बोललो की पत्र्याखाली मरशील. ती म्हणाली, "मग मरंन."

कडुबानं हे ऐकलं. एकला आला, हात पत्र्याला लावला, खाली बसला आणि पहिल्यांदा माझ्यावर चिडला. "भाऊ, तुम्ही भट्टीवरनं आठ तासांनी घरी यायचा. वहिनी भट्टीतच राहत्यात." वर म्हणाला, "वैशाखाच्या आत हे घर गार करू. नाय झालं तर तुम्ही त्यांना खुशाल वाळूजला न्या, मी आडवा येणार नाय."

झालं. माझा फॉर्म भरायला बसलो आणि पहिल्याच रकान्यात अडलो. मीटर माझ्या नावावर नव्हतंच. जागा मी शफीमामूकडून स्टॅम्पपेपरवर घेतलेली, मीटर तेव्हापासून त्याच्याच नावावर. बिल येतं, भरतो, नाव कोण बघतो? ऑफिसात सांगितलं, मीटर ज्याच्या नावावर, सवलत त्याच्या खात्यावर. नाहीतर त्याची सही आणा, नाव बदला. शफीमामू जागा विकून खुलताबादला गेला होता. जिता आहे का नाही, ते बी माहीत नव्हतं.

आम्ही दोघं एसटीनं खुलताबादला गेलो. मामू जिता होता. दर्ग्याच्या वाटेवर त्याचं फुलं-अगरबत्तीचं छोटं दुकान. मला ओळखल्याबरोबर त्याचं तोंड उतरलं. त्याला वाटलं, जागेची काहीतरी भानगड घेऊन आले. मी तोंड उघडणार, तर कडुबानं माझा पाय दाबला. स्वतः स्टुलावर बसला, वर बघितलं आणि म्हणाला, "मामू, पत्रा लई तापतोय. फुलं दुपारपर्यंत कोमेजत असतील."

मामू म्हणाला, "जोहर के पैलेच मर जाते." म्हणजे दुपारच्या नमाजाच्या आधीच.

झालं सुरू. ओलं पोतं कुठं टांगायचं, टोपली कुठल्या बाजूला ठेवायची, दुकानाचं तोंड कुठं आहे आणि ऊन कुठून येतं. अर्धा तास. मी घड्याळ बघतोय, आमची एसटी जायची वेळ. शेवटी मामूच म्हणाला, "वो सब ठीक है मियाँ, लेकिन तुम आए कायकू?"

कडुबानं कागद काढला. मामूनं चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला. "मतलब इत्ते साल से मैं मुकुंदवाडी में रैतूं, बिल भी भरतूं, और मेरेकूच मालूम नै?"

"व्हय मामू. तुमचा कारभार चोख हाय, एक बिल थकवलं नाय तुम्ही," कडुबा म्हणाला.

मामू इतका हसला की खोकला लागला. मग गंभीर झाला आणि विचारलं, घाई कशाची. मी सांगितलं, बायकोसाठी. मामूनं सही केली आणि मोगऱ्याचा एक गजरा कागदात बांधून दिला. म्हणाला, "भाबी कू देना. बोलना, घरमालक ने भेजा." यमुनानं तो गजरा उशाशी ठेवला आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईला सांगितलं की मला घरमालकानं धाडलाय.

रंगाचं बी नाटक झालं. लोकं म्हणायची, पत्र्याला पांढरा रंग देऊन काय होतंय, चार दिवसांत काळा पडंल. समोरची गोदावरी म्हणाली, "रंगनाथभाऊ, कबुतरं पाळताय काय?" कडुबानं कुणाशी वाद घातला नाही. सकाळी माझ्या घराचा अर्धाच पत्रा रंगवला. सत्तरीला टेकलेला माणूस, पाय गुडघ्यात दुखायचे, तरी ब्रश कुणाच्या हातात दिला नाही. दुपारी एकला शिडी लावली, चपला खाली काढल्या आणि वर जाऊन एक पाय रंगवलेल्या पत्र्यावर, एक पाय जुन्या पत्र्यावर ठेवून उभा राहिला. रंगवलेल्या बाजूचा पाय निवांत. दुसरा पाय कोंबडी चिखलात उचलते तसा वर-खाली, वर-खाली. खाली सगळी गल्ली गोळा झाली. गोदावरी म्हणाली, "आता लुगडं नेसा अन् नाचा."

"तुम्ही वर या, गोदावरीबाई, जोडीनं नाचू," तो म्हणाला.

ती खरंच शिडीवर चढली. तिनं एका बाजूला तळवा ठेवला, मग दुसऱ्या बाजूला, आणि दुसऱ्या बाजूचा हात झटकन काढला. संध्याकाळी रेशनकार्ड घेऊन त्याच्या ओट्यावर हजर. तिच्या मागनं बाकीच्या.

पंखे आले तेव्हा वैशाख तोंडावर आला होता. खोकी घरोघर गेली. फोटो काढणारे आठवड्यानं यायचे होते. कडुबा निर्धास्त होता. मग एक दिवस एकला तो गल्लीतून फिरला आणि चेहरा पाडून माझ्याकडं आला. निम्म्या गल्लीत जुनेच पंखे खडखडत होते. नवा पंखा कुणाच्या कपाटावर, कुणाच्या धान्याच्या कोठीमागं, खोक्यासकट. दोरी सुद्धा सोडलेली नाही. का, तर पोरीच्या लग्नात रुखवतात मांडायला. एवढी भारी वस्तू, एवढं चकचकीत खोकं, ते आपल्या डोक्यावर कोण फिरवतं? पोरीच्या सासरी दिसलं पाहिजे.

गोदावरी त्याला म्हणाली होती, "फोटोपुरता लावते की. ते गेले की काढून ठेवते. तुमच्या नावाला बट्टा नाय लागायचा."

"फोटोवाला एक मिनिट थांबतो, बाई. ऊन चार महिने थांबतंय," हा म्हणाला होता.

हे मला सांगता सांगता त्यानं सवयीनं वर बघितलं. माझ्या घरात बी जुनाच पंखा फिरत होता.

"भाऊ, नवा कुठंय?"

मी पलंगाखाली बोट दाखवलं. मी काय करणार? आल्या दिवशीच यमुनानं खोकं तिथं सरकवायला लावलं होतं. मी दोनदा भांडलो, ती धापा टाकायला लागली, मी गप्प बसलो.

"वहिनी, हे काय?"

"पूजाच्या रुखवताला ठेवलाय," ती म्हणाली. पूजा आमची नात, थोरल्याची पोरगी. शहरातच नर्सिंगला आहे, होस्टेलवर राहते.

"लग्न कधी हाय पूजाताईंचं?"

"शिक्षण होऊ द्या. दोन-तीन वर्षं."

"मग तवा नवा घेऊ की. तुम्ही स्वतः दुकानात चला, रंग पसंत करा."

"तवर मी हाय व्हय, भाऊजी?"

घरात हे कुणी बोलत नव्हतं. मी नाही, थोरला नाही, डॉक्टर सुद्धा आडून बोलायचा. ती मीठ कमी आहे म्हणावं तसं बोलली. वर म्हणाली, "म्हणून तर खोक्यात ठेवलाय. मी नसले तरी आजीचा पंखा मांडवात असंल."

कडुबा उठला आणि चहा न घेता गेला. मला वाटलं रागावला. मी मनात वाळूजची तयारी करायला लागलो. रंगानं आता सगळा पत्रा बराच निवला होता, पण जुन्या पंख्यानं घरातला वारा हलत नव्हता, दुपारचं कोंडल्यागत व्हायचं. ती रात्रंदिवस उशाला टेकून बसायची, आडवी झाली की दम लागायचा. थोरल्याला फोन करून रविवारी गाडी घेऊन ये म्हणून सांगून टाकलं.

रविवारी थोरला येण्याआधी कडुबा आला. सोबत पूजा. होस्टेलवरनं तिला तोच घेऊन आला होता. येऊन यमुनाच्या समोर खाली बसला.

"वहिनी, रुखवत लग्नातच द्यायचं, आधी द्यायचं नाय, असं कुठं हाय का?"

यमुना विचार करायला लागली. बायकांचं असलं शास्त्र तिला पाठ. "नाय," ती म्हणाली. "आधी दिलं तरी चालतं."

"मग आज द्या. तुमच्या हातानं द्या. मांडवात कोण बघतंय, कुणी आणला अन् कुणी मांडला."

यमुना मला म्हणाली, कुंकवाचा करंडा काढा, नारळ बघा घरात आहे का. नारळ नव्हता, गोदावरीनं दिला. पूजा पलंगाशी बसली. यमुनानं तिला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, मी खोकं ओढून तिच्या मांडीवर ठेवलं. पोरगी रडायला लागली. यमुना म्हणाली, "रडू नको, खोकं भिजंल."

कडुबा म्हणाला, "पूजाताई, आता पंखा कुणाचा?"

"माझा."

"ठेवणार कुठं? होस्टेलवर?"

"तिथं हाय पंखा. माझा पंखा आजीच्या घरी राहील."

"खोक्यात?"

पूजानं नाक पुसलं. "नाय. वर."

यमुनाला तेव्हा कळलं. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही मला गंडवलं."

"नाय वहिनी. वस्तू पूजाताईंची हाय. त्यांनी कुठं ठेवायची ते त्या ठरवतील. तुम्ही अन् मी कोण मधी बोलणारे?"

मी स्टूल धरलं आणि त्यानं पंखा चढवला. थोरला गाडी घेऊन आला तेव्हा त्याची आई नव्या पंख्याखाली आडवी झाली होती, कितीतरी दिवसांनी, आणि झोपली होती. त्यानं गाडी तशीच परत नेली. गोदावरीनं हे सगळं दारातून बघितलं होतं. आठवड्याच्या आत गल्लीतल्या बऱ्याच पोरींची ओटी भरून झाली आणि खोकी फुटली. एक-दोन पोरी तर पाचवी-सहावीतल्या. फोटोवाले आले तेव्हा त्यांना कळेना की प्रत्येक पंख्याला हळदी-कुंकू का लावलंय.

त्या उन्हाळ्यात यमुना घरीच राहिली. पंख्याला नावं ठेवायची, "आवाजच नाय मेल्याला, चालू हाय का बंद तेच कळत नाय." गोदावरीनं दारात पाणी सांडलं की पलंगावरनं शिव्या द्यायची. ज्येष्ठात एका सकाळी, दार उघडं होतं, चहा ठेवला होता, आणि ती गेली.

थोरला तेराव्याला बोलला. वाईट मनानं नाही, पण बोलला. वाळूजला असती तर अजून जगली असती. हे वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं. खरं का खोटं, कुणाला विचारावं? डॉक्टरला विचारायची हिंमत नव्हती.

दिवाळीनंतर कडुबाचे गुडघे पारच गेले आणि लेकीनं त्याला परभणीला बोलावलं. त्याला सोडायला मी मुकुंदवाडी स्टेशनवर गेलो. एक पिशवी, एक वळकटी, बास. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो होतो. मी विचारलं, "कडुबा, वाळूजला नेली असती तर जास्त जगली असती का रे ती?"

मला बरं वाटावं म्हणून काही बोलला असता तर मी ओळखलं असतं, आणि त्याला ते माहीत होतं.

"असंल बी, भाऊ," तो म्हणाला. "मला काय माहीत. पण तिथं त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. इथं शेवटपर्यंत गोदावरीबाईंना शिव्या देत होत्या."

गाडी आली. मी त्याची वळकटी चढवून दिली. दुपारचं ऊन डब्याच्या एका बाजूनं आत शिरलं होतं. त्याला सावलीकडची खिडकी मिळाली. समोर उन्हात एक म्हातारी बसलेली, पदर तोंडावर ओढून. हा उठला, तिला म्हणाला, "अहो, तुम्ही इकडं बसा." ती म्हणाली, मी इथंच बरी हाय. हा म्हणाला, जालन्यापर्यंत भाजून निघाल. ती म्हणाली, तुम्हाला काय करायचंय. गाडी हलली तेव्हा तो उन्हाच्या खिडकीत बसला होता आणि ती म्हातारी सावलीत बसून त्याच्याशी भांडत होती. मी हात वर केला. त्याचं लक्ष तिच्याकडं होतं.